कादंबरीची बैठक

कादंबरीकारास वाचक जे प्रश्न विचारतात त्यांत एक हटकून असतो: आपण लिहिता केव्हा, आणि कोठे बसून? पुष्कळ लेखकांस तो क्षुल्लक वाटतो व ते स्मित करून विषय बदलतात. मला मात्र तो नेहमीच मूलगामी वाटत आला आहे. कविता वाटेने चालतानाही सुचते, लघुकथा एखाद्या रात्रीत कागदावर उतरते. परंतु चार-पाचशे पृष्ठांची कादंबरी, जिच्यात तीन पिढ्यांची माणसे जन्मतात, जमिनीच्या बांधावरून भांडतात, लग्ने करतात आणि मरतात, ती वर्षानुवर्षे लेखकाच्या घरात बिऱ्हाड करून राहते. तिला जागा द्यावी लागते, तिच्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो, आणि तिच्या वास्तव्याचा भार घरातील इतर माणसांनाही उचलावा लागतो. म्हणून एखादी कादंबरी कशी निर्माण झाली हे जाणून घ्यावयाचे असेल, तर लेखकाच्या प्रतिभेची चर्चा करण्यापूर्वी त्याच्या घराची व दिनक्रमाची चौकशी करावी, असे माझे मत आहे.

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पश्चिमेस निघाले की भूगाव, भुकूम ही गावे मागे पडतात, एक लहानसा घाट लागतो, आणि तो उतरला की पिरंगुट येते. पुण्यापासून हे अंतर सुमारे २० किलोमीटरचे. हाच रस्ता पुढे तालुक्याचे ठाणे जे पौड तेथून मुळशी धरणाच्या काठाने जात ताम्हिणी घाटातून कोकणात उतरतो. एके काळी केवळ भातखाचरांचे म्हणून ओळखले जाणारे पिरंगुट आता औद्योगिक वसाहतीचे झाले आहे. पहाटेपासून पाळीच्या कामगारांना घेऊन येणाऱ्या बसगाड्या, मालाने लादलेले टेंपो आणि कंटेनर ह्यांची रस्त्यावर रीघ लागते. तथापि रस्ता सोडून थोडे आत वळले की अद्यापही खाचरे आहेत, आषाढात चिखलणी होते, आणि आश्विनात आंबेमोहोराचा वास वाऱ्याबरोबर घरात येतो. महसूल खात्यातील चाकरीतून मोकळा झाल्यावर मी येथे घर बांधले. निसर्गसान्निध्य हा त्यातील हेतू नव्हता. माझ्या कादंबरीचा विषय ह्याच खोऱ्यात होता, आणि ज्या मातीविषयी लिहावयाचे तिच्यापासून दूर राहून लिहिणे मला प्रशस्त वाटत नव्हते.

तो विषय म्हणजे मुळशीचे धरण आणि त्यात बुडालेली गावे. टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधावयास घेतले तेव्हा येथील मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास प्रारंभ केला, आणि पुढे सेनापती बापट ह्यांच्या नेतृत्वाखाली ‘जान किंवा जमीन’ ही त्या लढ्याची घोषणा झाली. धरण झाले, गावे गेली. मोठ्या माणसांचा इतिहास ग्रंथांतून नमूद आहे; परंतु ज्या कुळाने आपले घर स्वतःच्या हाताने उकलून वासे बैलगाडीवर चढविले असतील, त्या कुळातील धाकट्या सुनेच्या मनात त्या दिवशी काय चालले होते हे कोणत्याही दप्तरात लिहिलेले नाही. दप्तर जेथे मौन धरते तेथून कादंबरी सुरू होते, आणि ह्या एका जाणिवेवर माझा सारा दिनक्रम उभा आहे.

माझी लिहावयाची खोली घराच्या माडीवर आहे. ती लांबरुंद नाही. पश्चिमेस एक खिडकी, खिडकीखाली सतरंजी, आणि सतरंजीवर वडिलोपार्जित, उतरत्या झाकणाचा लाकडी डेस्क, जो मांडीशी ओढून घेऊन पूर्वीचे कारकून आपला जमाखर्च लिहीत. टेबल-खुर्चीवर मला पत्रे लिहिता येतात, अर्ज लिहिता येतात, कादंबरी लिहिता येत नाही. डेस्कच्या उजव्या हातास एक फडताळ आहे. त्यात मोल्सवर्थचा कोश, महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड, जुनी पंचांगे आणि सत्याग्रहाविषयी मिळाली तेवढी पुस्तके. डाव्या हातास पत्र्याची पेटी, आणि तीत कोऱ्या कागदांची चळत. कारण ह्या भागातला पाऊस असा की ज्येष्ठ सरल्यापासून उघड्यावर ठेवलेला कागद मऊ पडतो, त्यावर शाई पसरते, आणि सकाळी लिहिलेली ओळ संध्याकाळी वाचता येत नाही.

खिडकीसमोरच्या भिंतीवर दोन मोठे कागद चिकटविलेले आहेत. एकावर माझ्या कादंबरीतील घराण्याची वंशावळ आहे. प्रत्येकाच्या नावाखाली जन्माचा शक, आणि जे कथेत मृत्यू पावतात त्यांच्या मृत्यूचा महिना व ऋतू. दुसऱ्यावर त्यांच्या घराचा व जमिनीचा नकाशा आहे, आणि त्याखाली मी खरेदीखतात लिहितात तशी चतुःसीमा लिहून काढली आहे: पूर्वेस गाडीवाट, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस भावकीचे खाचर, उत्तरेस देवराई. घर काल्पनिक आहे, पण एकदा चतुःसीमा मुक्रर केली म्हणजे पात्रे मनास येईल तशी भटकत नाहीत. सून पाण्यास निघाली की ती पश्चिमेसच जाते, आणि ओढ्याकडे जाताना भावकीच्या दारातले कोणी तिला पाहील व कोणी पाहणार नाही हेही आपोआप ठरते. त्याचप्रमाणे प्रत्येक पात्राची मी प्रथम जबानी लिहून घेतो: नाव, वय, धंदा, राहणार कोठला, आणि मग जे काही त्यास सांगावयाचे असेल ते त्याच्याच तोंडून. ह्या जबान्या कादंबरीत येत नाहीत. परंतु ज्याची जबानी नोंदविलेली आहे तो मनुष्य आयत्या वेळी भलतेच बोलू लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

लिहिण्याचा शिरस्ता असा. पहाटे चारच्या सुमारास उठावयाचे, चुलीवरचे काम कोणावर न टाकता आपला चहा आपण करावयाचा, आणि पहिल्या पाळीच्या गाड्या रस्त्यावर येण्यापूर्वी बैठकीस बसावयाचे. बसल्याबरोबर नवे काही लिहावयाचे नाही. आदल्या दिवशीचे शेवटचे पान स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवून काढावयाचे. ह्या नकलेस अर्धा तास जातो, परंतु तेवढ्यात कालचा सूर हातात परत येतो, वाक्यांची लय सापडते, आणि नक्कल जेथे संपते तेथून पुढचे वाक्य विनासायास सुरू होते. उठतानाही प्रसंग पुरता संपवून उठावयाचे नाही. पुढे काय घडणार हे ठाऊक असतानाच लेखणी खाली ठेवावयाची. सूर्य वर आला, खाली दुधाची भांडी वाजू लागली, म्हणजे बैठक मोडते. उरलेला दिवस वाचन, शोध, कधी पौडास जाऊन जुने फेरफार पाहणे, कधी एखाद्या वृद्धाजवळ बसून ऐकणे ह्यात जातो. एका जाड वहीत मी ह्या कामाची रोजकीर्द ठेवतो. त्या दिवशी काय लिहिले, काय खोडले, आणि कोणत्या गोष्टीची रुजुवात करावयाची राहिली एवढेच तीत असते. ज्या दिवशी एक ओळही होत नाही त्या दिवशीही तारीख घालून तसे लिहितो, कारण हजेरी ही निकालावर अवलंबून नसते.

प्रतिभेस असे दावणीला बांधणे रसिकांस रुचत नाही, हे मी जाणतो. पण आपल्या कादंबरीचा इतिहासच तगाद्याने लिहविलेला आहे. हरी नारायण आपटे ह्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि पाव शतकाहून अधिक काळ ते चालविले. ‘पण लक्षात कोण घेतो’ व ‘उषःकाल’ ह्या कादंबऱ्या त्यातूनच हप्त्याहप्त्याने बाहेर पडल्या. एकीकडे आनंदाश्रमाची व्यवस्था, जेथे संस्कृत पोथ्या जमवून व शोधून छापण्याचे काम चाले, दुसरीकडे नगरपालिकेचे कामकाज, आणि ह्या सर्वांमध्ये दर आठवड्यास छापखान्याकडून येणारी मजकुराची मागणी. खिळे जुळविणारा कंपोझिटर स्फूर्तीची वाट पाहत नसतो. काही कादंबऱ्या त्यांच्या हातून अपुऱ्या राहिल्या, रचना कोठे कोठे सैल झाली, हे खरे. परंतु ‘पण लक्षात कोण घेतो’ची निवेदिका जी यमू तिच्या तोंडून एका सामान्य घरातील मुलीचे वैधव्यापर्यंतचे आयुष्य महाराष्ट्राने जे ऐकले, आठवड्यामागून आठवडा ऐकले, ते त्या नित्यनेमामुळेच. वाचकांच्या घराघरांत ती मुलगी हळूहळू मोठी झाली. एका दमात लिहिलेल्या पुस्तकाने तसा परिणाम साधला असता की नाही ह्याविषयी मला शंका आहे.

श्री. ना. पेंडसे ह्यांचे उदाहरण दुसऱ्या प्रकारचे. दापोलीकडचे मुर्डी हे त्यांचे गाव, आणि नोकरी मुंबईत, ‘बेस्ट’ उपक्रमात. ट्राम आणि बसगाड्यांच्या कचेरीत दिवस घालविणाऱ्या ह्या लेखकाने १९५२ साली ‘गारंबीचा बापू’ दिला, पुढे ‘रथचक्र’ लिहून १९६३ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळविले, आणि उतारवयात, १९८७ साली, ‘तुंबाडचे खोत’ हा दोन खंडांचा विस्तीर्ण ग्रंथ सिद्ध केला. कोकणातील खाड्या, पोफळीची आगरे व खोतांचे वाडे त्यांच्या मनात होते. परंतु मनातले कागदावर आणण्यासाठी नोकरी सांभाळून उरलेला वेळ त्यांना राखावा लागला. इंग्लंडात अँथनी ट्रोलप टपाल खात्यात अधिकारी असताना पहाटे साडेपाचास लिहावयास बसे, समोर घड्याळ ठेवी, आणि दर पाव तासास २५० शब्द असा हिशेब पाळी. त्याच्या मरणोत्तर १८८३ साली आत्मचरित्र प्रसिद्ध होऊन हा हिशेब उघड झाला, तेव्हा पुष्कळांनी नाक मुरडले. मला त्या आत्मचरित्रातील निराळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याला वेळेवर उठवून कॉफी आणून देण्यासाठी एक वृद्ध मोतद्दार नेमलेला होता, त्याबद्दल त्यास वर्षास ५ पौंड अधिक मिळत. आणि आपल्या यशाबद्दल इतर कोणाहीपेक्षा आपण ह्या माणसाचे अधिक देणे लागतो, असे ट्रोलपने मोकळेपणाने नमूद करून ठेवले आहे. ह्या मोतद्दाराचा विचार मी वारंवार करतो, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

कोणी म्हणेल, वेळ पाळता येतो, पण स्वस्थ, सुंदर जागा नसेल तर लेखन कसे व्हावे? ह्यास आपल्याच वाङ्मयाने दिलेले उत्तर निर्णायक आहे. अण्णा भाऊ साठे मुंबईत घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहत. तेथील दाटीत ‘फकिरा’चा लेखक वावरला, आणि १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीस वि. स. खांडेकरांनी प्रस्तावना लिहिली. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ ह्या पाच दिवसांत लिहून पुरी केली. द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजेच नाथमाधव, तरुणपणी शिकारीस गेले असता सिंहगडावर कड्यावरून कोसळले, कमरेखालचे अंग लुळे झाले, आणि त्यानंतरच्या परावलंबी आयुष्यात त्यांनी कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहिल्या. स्वतः खांडेकरांची दृष्टी उत्तरायुष्यात गेली, तेव्हा ते लेखनिकास सांगून लिहवू लागले. खिडकीतून डोंगर दिसला म्हणजे कादंबरी होते असे नव्हे. माझ्या खिडकीतून तो दिसतो, आणि लिहीत असताना मी त्याच्याकडे पाठ करून बसतो.

मग एका दमात लिहिलेल्या कृतींचे काय? भालचंद्र नेमाडे ह्यांनी ‘कोसला’ १९६३ साली आपल्या गावी बसून पंधरवड्याच्या आसपास लिहून काढली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु त्याच लेखकाची ‘हिंदू’ वाचकांच्या हाती येण्यास २०१० साल उजाडावे लागले. तारुण्यात साठलेले एकदम उसळून येते, ते अडविता येत नाही व अडवूही नये. पण जेथे अनेक पिढ्यांचा पसारा मांडावयाचा असतो, तेथे लेखकास धीराने, दिवसामागून दिवस, त्याच कामापाशी परतावे लागते. पहिला प्रकार दैवाचा आहे, दुसरा अभ्यासाचा. आणि दैवाविषयी उपदेश करता येत नसल्यामुळे मी अभ्यासाविषयीच बोलतो.

येथवर जे सांगितले ते लेखकाच्या बाजूचे झाले. परंतु ज्या तासाचे एवढे माहात्म्य मी वर्णिले तो तास लेखकाचा एकट्याचा नसतो; तो कोणी तरी त्यास दिलेला असतो. टॉलस्टॉयचे ‘युद्ध आणि शांती’ जग वाचते, पण त्याच्या गिचमिड हस्तलिखिताच्या पुनःपुन्हा शुद्ध प्रती करणारी त्याची पत्नी सोफिया ही मुलाबाळांचे व शेतीवाडीचे सर्व आवरून त्या कामास बसत असे. माझ्या बाबतीत म्हणावयाचे तर पहाटेच्या शांततेवर पहारा माझ्या पत्नीचा आहे. त्या वेळात दारावर कोणी आले तर तीच उत्तर देते, दुखणेखुपणे तीच निभावते, आणि संध्याकाळी दिवा लागल्यावर लिहिलेले पान मी वाचून दाखवू लागलो की हातातील भाजी निवडत ऐकते. ती ह्याच खोऱ्यातली. एकदा लावणीहून परतलेली सून आणि तिची सासू ह्यांच्या संभाषणाचा भाग मी वाचत होतो. तिने मध्येच थांबविले आणि म्हणाली, “अहो, लावणी करून आलेल्या बाईच्या पायांना चिखल्या झालेल्या असतात. ती आधी चुलीपुढे पाय शेकते, मग बोलते.” दुसऱ्या दिवशी पहाटे ते वाक्य प्रकरणाच्या आरंभी आले, आणि सासू-सुनेच्या सबंध संभाषणास त्या शेकणाऱ्या पायांनी जो खरेपणा दिला तो माझ्या फडताळातील कोणत्याही ग्रंथाने दिला नसता.

त्या प्रसंगानंतर एक विचार मनातून जाईना. इतके ज्ञान ज्या स्त्रीपाशी आहे तिला लिहावयास तास कोणी दिला? मराठी कादंबरीच्या प्रारंभकाळीच काशीबाई कानिटकर होऊन गेल्या. लग्नानंतर, घरातील वडीलधाऱ्यांचा रोष पत्करून त्या लिहा-वाचावयास शिकल्या, पतीचे पाठबळ मिळाले, हरिभाऊ आपट्यांसारखा साहित्यिक स्नेही मिळाला, आणि १९०३ साली ‘रंगराव’ ही त्यांची कादंबरी पुस्तकरूपाने निघाली. मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले ते विभावरी शिरूरकर ह्या टोपणनावाआड राहून, आणि पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरीही त्याच नावाने आली. लिहिण्याचा तास त्यांनी मिळविला, परंतु आपल्या नावाने लिहिण्याची मोकळीक समाजाने त्यांना आरंभी दिली नाही. ह्या दोघी लिहू शकल्या म्हणून आपणास ठाऊक आहेत. ज्यांना अर्धा तासही सलग मिळाला नाही, ज्यांच्या प्रत्येक घटकेवर दुसऱ्याच कोणाचा तरी हक्क होता, त्यांच्या मनातील कादंबऱ्या त्यांच्याबरोबरच गेल्या. मुळशीच्या पाण्याखाली गेलेल्या घरांप्रमाणे त्यांचीही नोंद कोणत्या दप्तरी नाही. पुरुष लेखकाच्या दिनक्रमाचे कौतुक करताना त्या दिनक्रमाची किंमत कोणी चुकती केली हे विचारले पाहिजे, आणि ट्रोलपने जेवढा प्रामाणिकपणा आपल्या मोतद्दाराविषयी दाखविला, निदान तेवढा तरी आपण आपल्या घरच्यांविषयी दाखविला पाहिजे.

कृतज्ञतेचे दोन शब्द अर्पणपत्रिकेत छापल्याने हे ऋण फिटत नाही. आता आमच्या घरी दुपारी जेवणानंतरचा तास पत्नीचा ठरला आहे. माडीवरची खोली त्या वेळी तिची असते. तोच डेस्क, तीच खिडकी. तिने आपल्या आजीविषयी लिहावयास घेतले आहे. ती आजी धरणाच्या वेळी तान्ह्या मुलीस पाठीशी बांधून गाव सोडून आली होती. त्या तासात दूरध्वनी मी घेतो, दूधवाल्याचा व किराणा दुकानाचा हिशेब मी पाहतो, आलेल्या माणसास खालीच बसवून ठेवतो. ती काय लिहिते हे मी विचारीत नाही. तिच्या मनास येईल तेव्हा ती वाचून दाखविते. तिच्या लिहिण्यात अलंकार नाहीत, परंतु आंबेमोहोराचे रोप उपटताना मुळांची माती कशी झटकावी, गाव सोडताना देव कोणी उचलले आणि जाते कोणी उचलले, ह्या गोष्टी तिला जशा ठाऊक आहेत तशा मला कधीही ठाऊक होणार नाहीत.

म्हणून वाचकांस माझी एकच विनंती आहे. आपल्या घरात कोणास लिहावेसे वाटत असेल, मग ती शाळेत जाणारी मुलगी असो, कचेरीतून थकून येणारा मुलगा असो किंवा आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबलेली आई असो, तर त्या माणसास प्रथम टेबल, कपाट किंवा स्वतंत्र खोली आणून देण्याच्या खटपटीस लागू नका. त्यास दिवसातील एक तास नेमून द्या, तो तास घरातील सर्वांनी पाळावा असा शिरस्ता घाला, आणि त्या तासातील त्याचे काम आपल्या अंगावर घ्या. कागद आणि लेखणी तर कोणत्याही घरात सापडतेच.